उजवीकडे बघणारा बगळा

२ मार्च, सकाळी ८
आजपासून नवी बरणी नाही, नवी फुलदाणी नाही. संकल्प पक्का. घरात सध्या एकशे अठरा नग आहेत. यात झाकण हरवलेल्या बरण्या धरलेल्या नाहीत. झाकण न उघडणाऱ्या धरल्या आहेत.

हिची खिडकीजवळची खुर्ची माळ्यावर टाकल्याला महिना झाला आणि ही लेकीकडे गेल्याला तीन आठवडे. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही. लेकीला कंबरदुखी आहे, मदत लागते. काल फोनवर ही म्हणाली, अहो, माझी खुर्ची मावेल एवढी जागा झाली की कळवा, येते. स्वभाव पहिल्यापासून विनोदी.

५ मार्च
जागा करायला घेतली. निळी सुरई उचलली. खाली ठेवायला जागा नव्हती, म्हणून परत तिथेच ठेवली. कंबर धरली. लेकीने हे दुखणं कुणाकडून घेतलं ते कळलं.

९ मार्च
संकल्प मोडलेला नाही. संकल्प नव्या वस्तूंचा होता, ही जुनी आहे. शिवाय ही माझ्याच वस्तूची जोडीदार.

अकरा वर्षांपूर्वी पांढरी फुलदाणी घेतली. पोटावर बगळा, उजवीकडे बघणारा. अशा फुलदाण्या जोडीनेच घडवायचे. दुसरीवरचा बगळा डावीकडे बघतो, म्हणजे कपाटावर ठेवल्या की दोघं समोरासमोर. एकटी फुलदाणी म्हणजे अर्धा संसार. अकरा वर्षं शोधतो आहे. आज जुन्या बाजारातल्या चष्मेवाल्या दुकानदाराने फोटो पाठवला. तीच घडण, तोच काठ, आणि बगळा डावीकडे! मागच्या भिंतीवर पाटी, कुठल्यातरी अगम्य लिपीतली. म्हणजे माल थेट परदेशातला.

ही जोडी पुरी झाली की बाकीचे एकशे सतरा नग काढून टाकीन. विसरू नये म्हणून लिहून ठेवतो.

१० मार्च
चष्मेवाला म्हणतो, साहेब, पैसे नकोत, घरातली एखादी जुनी बरणी द्या. आता माझ्या संग्रहातली कुठली देणार? जीव तुटतो. तेवढ्यात हिची बुटकी तपकिरी बरणी आठवली, स्वयंपाकघराच्या फळीवरची. हिच्या आईची. आत बटणं असतात. शिक्का नाही, नक्षी नाही, काठाचा टवका उडालेला. फोटो पाठवला. तो एका मिनिटात हो म्हणाला. इतका बावळट दुकानदार मी पाहिला नव्हता.

लेकीला फोनवर फक्त फुलदाणीचं सांगितलं. म्हणाली, बाबा, निदान दुकानात जाऊन डोळ्यांनी बघा तरी. मी तीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात नकाशे तपासले. मला डावं-उजवं शिकवते.

१४ मार्च, दुपारी १२
चष्मेवाल्याचा माणूस खोकं देऊन बरणी घेऊन गेला. बटणं प्लास्टिकच्या पिशवीत ओतली. आता शांतपणे, कात्रीने, घाई न करता खोकं उघडणार.

१२.२०
उजवीकडे.

१.००
मागून पाहिली. मागे काही नाही. खोकं उलटं करून पाहिलं.

३.००
चष्मेवाला म्हणतो, फोनचा मागचा कॅमेरा फुटलाय, सगळे फोटो पुढच्यानेच काढतो, त्यात उलटं येतं, एवढं माहीत असेल वाटलं तुम्हाला. फोटो दाढीच्या आरशासमोर धरला. परदेशी लिपी घडाघडा वाचता आली. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

१५ मार्च
नीट विचार केला. जोड्या काय, कुणाकडेही असतात. एकाच दिशेला बघणारे दोन बगळे कुणाकडे आहेत?

संध्याकाळी हिचा फोन. म्हणाली, मी आता इथेच राहीन म्हणते. तुमचं तुम्ही सुखाने राहा. त्या घरात माझं म्हणावं असं एकच राहिलंय, आईची बरणी. रविवारी येऊन नेते. आवाज अगदी शांत. म्हणजे रागावलेली नाही. मी बरं म्हणालो.

१६ मार्च
चष्मेवाल्याच्या दुकानात गेलो. पहिल्यांदाच. म्हटलं, दोन्ही फुलदाण्या घे, वर निळी सुरई घे, बरणी दे. तो म्हणाला, ती त्याच दिवशी गेली. एक बाई आल्या होत्या, त्यांच्या आईकडे अगदी अशीच होती म्हणे. पोटाशी धरून घेऊन गेल्या. नाव-पत्ता त्याने विचारला नव्हता.

१८ मार्च, रविवार
सकाळी चार तास खपून खिडकी मोकळी केली. खुर्ची काढली, पुसली. तीन खुलासे पाठ केले.

ही आली, लेक बरोबर. खुर्चीकडे बघितलंही नाही, सरळ स्वयंपाकघरात गेली. फळीवर बरणीचा गोल डाग होता. त्यावरून बोट फिरवलं. मी खरं तेच सांगितलं, तिन्ही खुलासे विसरलो. ओरडली असती तर बरं झालं असतं. बटणं कुठे आहेत, एवढंच विचारलं. पिशवी दिली. दारात थांबून म्हणाली, गोळ्या वेळेवर घेत जा. मग लेकीने दार ओढून घेतलं.

ही येणार नाही. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

२५ मार्च
नवा संकल्प नाही.

खिडकीजवळची जागा अजून मोकळी आहे. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दोन फुलदाण्या ठेवल्या आणि मधे मीच बसलो. डावीकडचा बगळा माझ्याकडे बघतो. उजवीकडच्याने पाठ फिरवली आहे.

उठून दोघांच्या जागा बदलल्या. तेच झालं.