रुखसानाभाभींच्या छतावरची फरशी

९ नोव्हें., रवि.
सकाळी बेल. दारात खालच्या मजल्यावरच्या रुखसानाभाभी. हातात टोप, टोपात तळाला पाणी.
"वैनी, हा तुमचा पानी. परत द्यायला आलेय."
हसून म्हणाल्या, पण बसल्या नाहीत. चहाही नको. इथे आखातात, मलाझ वस्तीतल्या या इमारतीत आलो त्याला अकरा वर्षं झाली, भाभी चहा न घेता परत गेल्या असं पहिल्यांदाच.
मालकाने दोन फ्लॅटचे तीन केले तेव्हा आमचं बाथरूम बरोबर त्यांच्या बैठकीच्या डोक्यावर आलं. फरशीचे सांधे पार उकललेत, तिथून झिरपतं. थेंब सोफ्यावर. आणि २१ला, शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर, त्यांच्या नाझियाला बघायला जेद्दाहून माणसं येणार.

१० नोव्हें., सोम.
हारिसला, म्हणजे आमच्या राखणदाराला, बाथरूम दाखवलं. वाकून बघितलं, मान हलवली. "बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. कुठला उद्या, ते विचारायचं नसतं.
मालकाचा फोन बंद.

१२ नोव्हें., बुध.
दोन बुकरा गेले. भाभींनी सोफा सरकवून तिथे बादली ठेवलीय. आता वर मी नळ सोडला की खाली बादली वाजते. आंघोळीला गेले की चोरी केल्यासारखं वाटतं.
नवऱ्याला, प्र.ला, जुबैलला प्लांटवर फोन. म्हटलं, मीच करते. पलीकडून आधी "काय?" मग, "तू? फरशी?"
झालं. तिथेच ठरलं.

१३ नोव्हें., गुरु.
गल्लीतल्या हार्डवेअरवाल्या केरळी अण्णांकडे. सांध्यांत भरायच्या ग्राउटला इथे तरवीबा म्हणतात. "मिस्त्री किधर है?" त्यांनी माझ्या मागे बघत विचारलं. म्हटलं, "मैंच मिस्त्री." एक पिशवी, रबराची पट्टी, मोठा स्पंज.
प्र.ची ईमेल आली आहे. चार पानी मेथड स्टेटमेंट, काम कसं करायचं याचं. कलम तीन: काम सुरू करण्यापूर्वी टूलबॉक्स टॉक (कामगारांशी सुरक्षेची चर्चा) घेणे. कोणाबरोबर घेऊ, बादलीबरोबर?
संध्याकाळी स्वतः हजर. प्लांटवरून सेफ्टी गॉगल घेऊन आला आहे.

१४ नोव्हें., शुक्र.
जुनं ग्राउट खरवडणं. स्क्रू-ड्रायव्हर आणि मोडकी सुरी. पाटावर बसून सकाळपासून. प्र.ने अर्धा तास केलं, मग त्याची पाठ. उरलेला वेळ दारात उभा राहून "अँगल चुकतोय".
मुग्धा (वय सोळा) डोकावली. "आई, धिस इज सो ग्रोस." खरंच होतं. अकरा वर्षांचा साबण.
पण एकेक सांधा मोकळा होतो तेव्हा बरं वाटतं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

१५ नोव्हें., शनि.
पिशवीवर सगळं अरबीत. मुग्धाने मोबाईलने वाचून दाखवलं: "पाणी पुरेसे घालावे." पुरेसे!
मी थालीपीठाच्या पिठासारखं भिजवलं. पट्टी घेऊन येईपर्यंत घट्ट. घमेल्यात डाव उभा राहिला तो राहिलाच. चांगला डाव, नाशिकहून आणलेला.
प्र. जुबैलला परत. जाताना म्हणाला, "कलम पाच वाचलं नाहीस."  मी गॉगल त्याच्या बॅगेत परत कोंबला.

१६ नोव्हें., रवि.
आज एकटीच रडले थोडी. डावासाठी नव्हे. सांधे सगळे खरवडून मोकळे, आता तर पाणी दुप्पट जाणार. आधी बरं होतं. आम्ही बाजूच्या बिल्डिंगमधल्या कुलकर्णींकडे आंघोळीला जातोय.
खाली जाऊन भाभींना खरं ते सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी हातातली भाजी ठेवली.
"दाखवा मना, कसा केलात."
वर आल्या. घमेलं बघितलं, डाव हलवून बघितला. हसत सुटल्या ते भिंतीला टेकून. "अगो वैनी, मेंदीसारखा भिजवायचा! सैल नको, घट नको. मेंदी कशी भिजवतो?"
मग स्वतःच दाराकडे वळल्या. आणि जिन्यातून हाक मारली, "नाझिया! कोन घेऊन ये!"

१७ नोव्हें., सोम.
लिहायला हवं असा दिवस.
नाझिया रात्री मेंदीचे रिकामे कोन वळून सकाळी घेऊन आली. कॉलेज संपलंय, आख्ख्या मलाझच्या लग्नांत मेंदी हीच काढते. भाभींनी मेंदीसारखा भिजवलेला नवा तरवीबा कोनात भरला, टोक कापलं आणि सांध्यात अशी रेघ सोडली की मी बघतच राहिले. सरळ, एकसारखी, मध्ये तुटत नाही. मागून मी पट्टीने दाबत, माझ्या मागून भाभी स्पंज घेऊन. तिघी गुडघ्यांवर, उलट्या सरकत दाराकडे.
मध्येच भाभींच्या लक्षात आलं. "नाझिया! तुझे हात! शुक्रवारी बघायला येतायत!"
"अम्मी, ते हात बघायला येतायत की मला?"
"दोनी बघतात."
हातमोजे शोधेपर्यंत काम संपलं होतं. चहा झाला. भाभींनी दोन कप घेतले.

१८ नोव्हें., मंगळ.
चहाच्या नादात शेवटचं पुसणं राहिलं. फरशीवर पांढरा थर, पीठ सांडल्यासारखा. सुकं फडकं घेऊन तिघी परत गुडघ्यांवर. नाझियाची नखं पांढरी ती पांढरीच. भाभी खोबरेल तेल, लिंबू, दोन्ही चोळतायत.

२० नोव्हें., गुरु.
परीक्षा. जाळीत फडकं कोंबून बाथरूम पाण्याने भरलं. खाली भाभी खुर्ची टाकून छताकडे बघत. फोन चालू.
"दिसतंय?"
"नाय."
"आता?"
"वैनी, मान धरली."
पाऊण तासाने किंकाळी. "पडला! पडला!" दोन-दोन पायऱ्या उतरत खाली. एक थेंब. प्र. तेवढ्यात आलाच होता, तो खुर्चीवर चढून छताला हात लावून म्हणाला, आतलं जुनं पाणी असेल. असेल म्हणजे? "असावं," म्हणाला.
उद्या पाहुणे जाईपर्यंत आमचं बाथरूम बंद. मीच कुलूप लावलं.

२१ नोव्हें., शुक्र.
दुपारभर आम्ही तिघं वर, पाय न वाजवता. काहीच ऐकू येत नाही. साडेचारला फोन, भाभींचा, बारीक आवाजात: "वैनी, खाली या."
गेले. मुलगा, त्याची आई, मामा. छतावर ओल्याचा जुना डाग, नकाशासारखा. मुलाच्या आईने तो पाहिला होता आणि विचारलं होतं, हे काय? भाभी सारवासारव करणार, तोवर नाझियाने सांगून टाकलं. वरची फरशी आम्हीच भरली, मी कोनाने. आता साक्षीला मी.
मुलाची आई नाझियाकडे बघत. "हात दाखव."
तिने दाखवले. नखांच्या कडेला पांढरं.
मला म्हणाल्या, "खरंच हिने केलं?" मी म्हटलं, "माझ्याहून चांगलं." मुलगा खाली बघून हसला. मामा हसले नाहीत.
शिरखुर्मा संपवला, "कळवतो" म्हणाले, गेले. एकही थेंब पडला नाही, पण भाभींचं त्याकडे लक्षच नव्हतं. दार लावल्यावर नाझियाला म्हणाल्या, "गप बसली असतीस तर काय झालं असता?"
ती म्हणाली, "अम्मी, खोटं बोलून सासरी जायचं तर जन्मभर बोलावं लागेल."
मी माझ्या घरी आले. ते मायलेकींचं बोलणं मला ऐकू आलं नसतं तर बरं, असं वाटलं. स्थळ हातचं गेलं तर माझ्यामुळे.

२५ नोव्हें., मंगळ.
निरोप नाही. भाभी फोन पदराला बांधल्यासारख्या फिरतायत.

२७ नोव्हें., गुरु.
दुपारी भाभी धापा टाकत वर. मुलाच्या आईचा मेसेज. सोयरिकीबद्दल अक्षर नाही. एक फोटो: जेद्दाच्या घरचं बाथरूम, सांधे काळे पडलेले. खाली आवाजी निरोप: "नाझियाला विचारा, याला काय करावं लागेल?"
भाभींनी मला चार वेळा ऐकवला. "वैनी, ह्यात हो हाय का नाय हाय?"
मी परत एकदा लावला. कान देऊन ऐकला. सांगता येत नाही.
नाझियाने तोपर्यंत उत्तर पाठवलं होतं: फरशीची लांबी-रुंदी कळवा.
आता तिकडून टाइप होतंय, असं दिसतंय. आम्ही दोघी फोनकडे बघत बसलोय.