कमानीवरून पलीकडे

सोमवार, ३ डिसेंबर १९३४

नाही म्हणजे नाहीच गेले पाय! कमान येते. उभ्याने मागे वाकून हात जमिनीला टेकवण्यात वर्गात मी पहिली. पण तिथून पाय उडवून डोक्यावरून पलीकडे न्यायचे नि उभं राहायचं — तिथेच घोडं अडतं. व्यायामाच्या पद्मजाबाई म्हणाल्या, "शनिवारी पंधराला बघीन. ज्यांचे पाय आपले आपण जातील त्याच संमेलनात. बाकीच्या झांजा वाजवतील."

झांजा! मी!!

बुधवार, ५

सराव करायचा कुठे? माझ्या भावाला, हरिहरला, तालीम आहे, तांबडी माती आहे, वर घरी आल्यावर दूध आहे. मला मागलं अंगण. परकराचा काचा मारून कमान केली तर आत्या विहिरीवरून ओरडली, "काय गो हे! उद्या बघायला आलेल्या मंडळींसमोर पण अशीच उलटी होशील!"

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून इथेच असते. दिवसभर सोवळ्यात. तिच्या वाळत घातलेल्या लुगड्याला नुसता कुणाचा पदर लागला तरी घर डोक्यावर घेते. आणि हरिहर दाराच्या चौकटीला लोंबकळतो ते शोभतं वाटतं?

गुरुवार, ६

पाठ दुखते. हरिहर विचारतो, "झांजा कुठल्या, पितळेच्या?" मेला!

शनिवार, ८

वर्गातली कुसुम सरावाला घरी आली. तिने कमरेला हात दिला की पाय जातात. हात काढला की धप्प! मानेवर पडले. कुसुम हसली. बोलणार नाही तिच्याशी.

आत्या पडवीत वाती वळत सगळं बघत होती. "पडलीस ना? बरं झालं."

बरं झालं म्हणे!

सोमवार, १०

आजच कावळा शिवायचा होता! दुसरा दिवसच मिळाला नाही त्याला. आता गुरुवारच्या न्हाण्यापर्यंत बाहेर. शाळा बंद. मागल्या पडवीत घोंगडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. कुसुमला बोलावू म्हटलं तर आई म्हणाली, "तुला शिवून ती घरी कशी जाईल?" म्हणजे कमरेला हात कोण देणार? पंधरा तारीख काही माझ्यासाठी थांबायची नाही. रडायलाच आलं. आई म्हणते, "झांजा काय वाईट आहेत?"

रागाने जेवले नाही. मग भूक लागली म्हणून जेवले.

वहीला मात्र शिवायला चालतं. वहीला बिचारीला सोवळं नाही.

मंगळवार, ११

लिहू की नको? लिहितेच.

सकाळी आई चुलीपाशी. बाबा कचेरीत, हरिहर शाळेत. पडवीमागे कमान केली. पाय उडवले नि मध्येच अडकले — ना अलीकडे ना पलीकडे! कोपरं थरथरायला लागली. तेवढ्यात आत्या आली. नुकती न्हालेली, ओलेत्याने, कमरेवर देवाच्या पाण्याची घागर. म्हटलं, आता सुटली हिची तोफ.

तिने घागर खाली ठेवली. सरळ आली नि माझ्या कमरेला हात घातला. मला! बाहेरच्या मुलीला!

"दोन्ही गुडघे कशाला वाकवत्येस गो? आठवडाभर बघत्ये, तीच चूक! एक पाय ताठ वर ने नि दुसऱ्याने जमिनीला लाथ मार. मार!"

मारली. गेले!

"आत्या, तू मला शिवलीस —"

"ओरडू नको."

घागर माडाच्या मुळात ओतली नि परत विहिरीवर गेली. थंडगार पाण्याने पुन्हा आंघोळ. आईने आतून विचारलं, "वन्सं, परत का हो न्हाताय?"

"अंगावर पाल पडली."

बुधवार, १२

आत्याच्या अंगावर आज दोनदा पाल पडली. तिसऱ्यांदा पडावी लागली नाही. पाय आपले आपण गेले!