दोन माणसांची गाडी आणि ट्रंकेतला नारळ

मी, शेवंती काशीराम तेंडोलकर, विधवा, वय सत्तरीच्या पुढे (तारीख कोणी लिहून ठेवली नाही, गावात साथ आली त्या वर्षी जन्मले एवढेच आई सांगायची), राहणार पेडणेकर चाळ, कांदिवली पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि माझ्या मर्जीने करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझा धाकटा मुलगा लवू याने तसा एक स्वतःसाठी काढून घ्यावा.

मी दुसरीपर्यंत शिकले. सही येते. बाकी लिखाण शेजारचे भाऊराव वाहुळे करत आहेत, ते बोरिवलीला कोर्टात कारकून आहेत. मी बोलते, ते नीट करून लिहितात. मधून मधून म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, बसवा.

माझ्या मागे मंडळी अशी. थोरला मुलगा विद्याधर, तो वारला. त्याची बायको सुलक्षणा आणि त्यांचा मुलगा जयवंत, हे दोघे माझ्याजवळ राहतात. धाकटा लवू आणि त्याची बायको विमला, हे मालाडला राहतात आणि सणाला येतात.

कलम १. चाळीतली माझी खोली सुलक्षणाला द्यावी. भाडेपावती तिच्या नावाने करण्याचा अर्ज भाऊरावांनी लिहून ठेवला आहे. तिने मला वाढले, न्हाऊ घातले आणि माझी बोलणी ऐकली. तिसरे काम सगळ्यात कठीण होते. लवूला स्वतःचे घर आहे. त्याने या खोलीत पाहुणा म्हणून यावे, चहा प्यावा आणि जावे.

कलम २. तांब्याचे घंगाळ विमलाला. मी अंथरुणाला खिळले तेव्हा ती बघायला आली होती. मला बघितले, मग घंगाळाला चिंच लावून बघितली. घंगाळ माझ्यापेक्षा बरे निघाले. तिने न्यावे.

पोस्टात थोडे पैसे आहेत, त्यात माझे दिवस होतील. गोडाधोडाची पंगत घालू नये. ज्यांनी मी जिवंत असताना वाटीभर पेज आणून दिली नाही, त्यांना माझ्या नावाने जिलबी कशाला?

कलम ३. आता गाडी.

गाडी माझ्या नावावर आहे. ती कशी आली ते लिहायला सांगते, कारण चाळीत तिच्याबद्दल सतरा गोष्टी सांगतात आणि त्यातल्या सोळा लवूने पिकवलेल्या आहेत.

माझे यजमान अंधेरीला एका विलायती साहेबाकडे ड्रायव्हर होते. साहेब कायमचा आपल्या देशात निघाला तेव्हा त्याने ही गाडी यांना बक्षीस दिली. मोठी गाडी विकली, आणि ही दोन माणसांची यांच्या गळ्यात घातली. घरात आम्ही तेव्हा सात माणसे.

खोटे बोलणार नाही, गाडी देखणी होती. अळूच्या पानासारखी हिरवी, आणि पाणी मारले की थेंब अळूवरून घरंगळतात तसेच घरंगळायचे. वरचे छप्पर कापडाचे, मागे दुमडून ठेवायचे. पुढचे तोंड लांब आणि ढुंगण आखूड. चाळीत आली त्या दिवशी नळावरच्या बायका कळशा भरायच्या विसरल्या. हे चालवत आले तेव्हा माझा नवरा मला पहिल्यांदाच नवऱ्यासारखा दिसला, एवढे लिहा. भाऊराव, हसू नका.

आता खोड्या ऐका. जमिनीपासून वीतभर उंच. नऊवारी नेसलेली बाई आत गेली तर बाहेर काढायला दोन माणसे लागत. छपराच्या शिवणीतून पाणी गळे. मागच्या पेटीत स्टेपनी ठेवली की एक पिशवी मावे, तीही भाजीची, तांदळाची नाही. मागे सीट नाही, पुढे फळी नाही, हातातली वस्तू टेकवायला चार बोटे जागा नाही. दोन माणसे हात हलवत जाणार असतील त्यांच्यासाठी ती केलेली. आमच्यात हात हलवत कोण जातो?

हे म्हणायचे, "ये गो, बस. एक फेरी मारूया."

मी म्हणायची, "पोरांका कोण बघतलो, तुमचो सायब?"

नंतर बसू, नंतर बसू करत हे गेले. गाडी माझ्या नावावर झाली आणि विद्याधर चालवायला लागला. गिरणीत फिटर होता, हात चांगला होता. त्या सीटवर कधी त्याचा मित्र, कधी लवू, कधी चाळीतला कोणी आजारी. माझी पाळी आली नाही.

एकोणसत्तरचा दसरा. गाडी धुतली, झेंडूचे हार घातले, हत्यारांची पूजा केली. आमच्याकडे फोडायचा नारळ वेगळा आणि मानाचा नारळ वेगळा. मानाचा फोडत नाहीत. तो वर्षभर गाडीत राहतो आणि गाडी राखतो. दुसऱ्यांच्या गाड्यांत त्याला बसायला जागा असते. या गाडीत नव्हती, म्हणून दरवर्षी पूजा झाली की आम्ही तो घरात देवाजवळ ठेवायचो. त्या वर्षी लवूला सुचले की नारळ गाडीतच हवा.

विद्याधर सुलक्षणाला घेऊन मालाडला माझ्या नणंदेकडे सोने द्यायला निघाला. जयवंत पाच वर्षांचा, "मी पण येणार" म्हणत गाडीचे दार धरून बसला. सुलक्षणाने त्याला मांडीवर घेतले. पायाशी आपट्याच्या पानांची पिशवी. मी दारात उभी होते, ऐकलेले सांगते.

लवू म्हणाला, "वैनी, नारळ मांडीवर घे."

ती म्हणाली, "भावजी, मांडीवर पोर आहे. नारळ घरात ठेवा ना, दरवर्षी ठेवतो तसा."

लवू म्हणाला, "देवाला घरात ठेवून गाडी फिरवायची? चल, सरक." आणि त्याने नारळ दोन सीटांच्या मधे खाली ठेवला.

मालाडच्या अलीकडे घोडबंदर रोडवर उतार आहे. पुढे बैलगाडी आडवी आली. विद्याधरने ब्रेकवर पाय दिला. नारळ घरंगळत जाऊन ब्रेकखाली बसला होता. पेडल खाली गेले नाही. गाडी चिंचेच्या झाडावर गेली. विद्याधर जागच्या जागी गेला. सुलक्षणाच्या डाव्या पायाचे हाड मोडले, ती अजून पाय ओढते. जयवंतच्या कपाळाला खरचटले. तिने दोन्ही हातांनी त्याला कवटाळले होते, पोलीस म्हणाले, हात सोडवायला वेळ लागला.

गाडी ओढून वाकोल्याच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या सीताराम मेस्त्रीने पेडलखालचा नारळ पोलिसांसमोर काढला. लवू तिथे उभा होता. त्याने डोळ्यांनी बघितले.

तेराव्याला त्याच लवूने चार माणसांत सांगितले, वैनीचा पायगुण. बाजूला बाई बसली आणि गाडी आपटली. पुढे पुढे तर म्हणायला लागला, मानाचा नारळ मांडीवर घ्यायला नाही म्हणाली, देव कोपला. मी त्याला म्हटले, "लवू, नारळ कोणी ठेवला ते सांग. तू मुद्दाम केलं असं कोणी म्हणत नाही. चुकलं म्हण." तो म्हणाला, "आई, तुझं डोकं फिरलंय." तेव्हापासून माझे डोके फिरलेले आहे, म्हणून वरचा दाखला.

मी त्याच दिवशी चाळीच्या चौकात उभी राहून सांगणार होते. सुलक्षणाने माझे पाय धरले. म्हणाली, "आई, सांगू नका. जयवंत मोठा झाल्यावर विचार करील, मी हट्ट केला नसता तर मांडी मोकळी असती, नारळ मांडीवर असता, बाबा असते. मला पांढऱ्या पायाची म्हणू दे. मला चालेल, त्याला नाही चालणार."

मी गप्प बसले. कोणाच्या शब्दासाठी मी गप्प बसले असे माझ्या आयुष्यात एवढे एकदाच झाले.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहिली. तिच्यावर मी कुरडया वाळवल्या. आता जयवंत बावीस वर्षांचा आहे. दर रविवारी सीतारामकडून शिकून त्याने गाडी उभी केली. संक्रांतीला इंजिन सुरू झाले. चाळ टाळ्या वाजवत होती. सुलक्षणा तांदूळ निवडत होती. ती उठली, मोरीत गेली, नळ सोडला आणि गाडी बंद होईपर्यंत बाहेर आली नाही.

जयवंत मला म्हणाला, "आजी, ऐक ना, कशी झकास बोलते."

मी म्हटले, "बोलते तर विचार तिला, तुझा बाप कुठे आहे."

तिळगूळ द्यायला लवू आला होता. तो जयवंतला म्हणाला, "बापाची गाडी आहे, चालव बिनधास्त. पाडव्याला पूजा घालू, नारळ मी आणतो. फक्त आईला बाजूला बसवू नकोस. एकदा वाट लागली, पुरे."

सुलक्षणा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. जयवंतने ऐकले. तिच्याकडे बघितले. कप घेतला आणि फुंकर मारली.

त्या फुंकरीसाठी मी हे मृत्युपत्र करते आहे. सुलक्षणा, तुझा शब्द मी मोडते. तू मला माफ कर किंवा करू नकोस, मी तेव्हा नसेन.

जयवंत, तुझा यात दोष नाही. पाच वर्षांचे पोर हट्ट करणार, त्याचे कामच ते. पण तुझ्या आईच्या हातात त्या दिवशी एकच वस्तू मावत होती. तिने देव खाली ठेवू दिला आणि तुला धरले. तू आहेस तो त्यामुळे.

कलम ४. पोलिसांनी विद्याधरचे घड्याळ, एक चप्पल आणि तो नारळ एका पिशवीत घालून परत दिला होता. नारळ माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत, तळाशी आहे. पाणी सुकले. हलवला की आत खोबऱ्याचा गोटा खडखडतो. हा नारळ लवूला द्यावा. त्याने तो घरात देवापुढे ठेवावा, आणि वैनीबद्दल तोंड उघडण्याआधी एकदा हलवावा.

घड्याळ जयवंतला. बापाचे पानेही त्यालाच, ते तसेही तो विचारल्याशिवाय वापरतोच.

कलम ५. गाडी मी सुलक्षणाला देते. जयवंतला नाही. तिने ती विकावी, मोडीत घालावी, नाहीतर तिच्यावर कुरडया घालाव्यात. ती नको म्हणाली तर नको, जयवंतने पुन्हा विचारू नये. आणि चालवायला दिली, तर डावी सीट तिची. ती बसल्याशिवाय चाक हलता कामा नये. बायको आली तरी आधी आईला विचारायचे. आई बाजूला बसलेली असली की कोणताही मुलगा गाडी बैलगाडीसारखी हळू हाकतो, हे मला माहीत आहे. मला त्याला पुरायचे नाही, त्याने मला पोहोचवायचे आहे. गाडीची पूजा करावी, हार घालावा, पण गाडीत नारळ, लिंबू, काहीही घरंगळणारे ठेवू नये.

भाऊराव म्हणतात, सीटवर बसण्याची अट कोर्टात टिकणार नाही. कोर्टात नको, घरात टिकली तर पुरे.

कलम ६. माझ्या अस्थी मार्व्याला समुद्रात सोडाव्यात. सुलक्षणाची तयारी नसेल तर बसने न्याव्यात, मला त्याचे काही वाटणार नाही. तिची तयारी असेल तर त्या गाडीतून न्याव्यात. इतकी वर्षे गाडी माझ्या नावावर होती, आणि मी एकदाही तिच्यात बसले नाही. छप्पर मागे दुमडावे. जयवंतने चालवावी, सावकाश, चिंचेच्या झाडापाशी थांबू नये. मडके पायाशी ठेवायचे नाही, सीटच्या मधे ठेवायचे नाही. सुलक्षणाने ते मांडीवर घ्यावे आणि दोन्ही हातांनी धरावे.

आता तिच्या मांडीवर पोर नाही. मला जागा होईल.

वरील मजकूर भाऊरावांनी मला दोनदा वाचून दाखवला. माझे बोलणे यापेक्षा कडू होते, पण मतलब बरोबर आहे. मी गेल्यावर, दिवस घालण्याआधीच, त्यांनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा, आणि लवू उठून गेला तर त्याच्या मागे जाऊन वाचावा.

सही: शेवंती काशीराम तेंडोलकर

साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. सीताराम गोविंद मेस्त्री, मोटार दुरुस्ती, वाकोला. (नारळ मी स्वतः काढला होता, हे खरे आहे.)
२. उत्तरा दत्ताराम साळगावकर, शेजारीण, पेडणेकर चाळ

लिहिणार: भाऊराव वाहुळे

ठिकाण: कांदिवली पूर्व, मुंबई
दिनांक: ७ मार्च १९८६