नेव्हरच्या मागचा नाई

१ ऑगस्ट २००१
आजपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. नात डिंपल दहावीत इंग्रजीत उडाली, ऑक्टोबरात पुन्हा बसणार. पोरगा धनराज म्हणे, आता गेली त नर्सबाईचा कोर्स विसरायचा, पोरगी पाहायले वडशाचे पाहुणे बोलावतो. डिंपल मले म्हणे, आजी, तू खर्रा सोड, मी इंग्रजी धरीन. कबूल केलं. तिचा अभ्यासही मीच घेईन. चौथी शिकली आहो, पण त्या काळची.

३ ऑगस्ट, दुपार
आरमोरीच्या शिकवणीत देवाजी सरांनं शब्द दिले. ऑलवेज म्हणजे सदा. ऑफन म्हणजे घडीघडी. समटाइम्स म्हणजे कधीमधी. सेल्डम म्हणजे क्वचित. क्वचित म्हणजे काय ते डिंपलले माहीत नाई, मलेही नाई. सोडून दिला. नेव्हर म्हणजे कधीच नाई.
पोरीनं वाक्य केलं, माय ग्रँडमदर नेव्हर ईट्स खर्रा. ऐकून बरं वाटलं.

९ ऑगस्ट
तोंड सुकलं. सुनेवर ओरडली. खर्र्यापायी नाई, भातात खडा होता. बाजारात मासोळी विकताना बाजूले बसणाऱ्या गिरजानं खर्र्याची अर्धी पुडी दिली. चघळून थुंकला. पोटात गेला नाई म्हणजे खाल्ला नाई.

१८ ऑगस्ट, पोळा
सणाले आलेल्या पाहुण्यानं खर्रा पुढं केला. सणाच्या दिवशी माणसाचा हात मागं लोटत नाई. सेल्डम म्हणजे काय ते आज समजलं.

२ सप्टेंबर
डिंपलच्या वाक्यात चूक सापडली. नेव्हर ईट्स. मग नाई कुठी आहे? "आजी कधीच खर्रा खाते" असं कोणी बोलते का? कधीच म्हणलं की मागं नाई लागतेच. नॉट टाकायले लावला. माय ग्रँडमदर डज नॉट नेव्हर ईट खर्रा. आता कसं पक्कं झालं.
डिंपल म्हणे, सरांनं असं नाई सांगितलं. म्या म्हणलं, सर कालचं पोरगं आहे, लग्न झालं नाई त्याचं अजून.

१५ सप्टेंबर
दाढ ठणकते. तंबाखूनं दाढ मरते म्हणून चैतूच्या पानठेल्यावरून खर्रा घोटून आणला. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवल्यावर. डॉक्टरही असंच सांगते. डिंपलनं विचारलं, गालात काय आहे? म्हणलं, सूज.

१६ सप्टेंबर
सूज दुसऱ्या गालात गेली.

३० सप्टेंबर
कंटाळा आला. पोरीले शिकवा, मासोळ्या विका, वरून खर्रा सोडा. एका म्हातारीनं किती करायचं? दाढ बरी झाली. औषध एकदम बंद करू नये म्हणतात.

५ ऑक्टोबर
डिंपलनं माह्यं वाक्य सरांले दाखवलं. सर हसले म्हणे. इंग्रजीत दोन नाई आले की एकमेकांले खाऊन टाकतात आणि हो उरते. म्हणजे आजी खर्रा खातेच, असा अर्थ झाला.
म्या विचारलं, सरांले कोणं सांगितलं? गिरजा का चैतू?
डिंपल म्हणे, कोणं नाई सांगितलं, ग्रामरनं सांगितलं.
मग पुस्तक आपटून म्हणे, करार तू मोडला, मी काऊन शिकू? जाईन वडशाले. धनराज बाजेवरून म्हणे, बरं झालं, उद्याच फोन करतो.
दोघांच्या मधात उभी राहिली. म्हणलं, फोन पेपर झाल्यावर कर. पोरीले म्हणलं, उद्यापासून पक्कं सोडते. पोरीनं पुस्तक उचललं.

६ ऑक्टोबर
आजची सुरुवात उद्यापासून.

१२ ऑक्टोबर
पेपर झाला. डिंपल काई सांगत नाई. मले घोर लागला. घोरात खर्रा मोजत नसतात.

नोव्हेंबर, तारीख पाहिली नाई
डिंपल पास. अगदी काठावर, पण पास. वडशाच्या पाहुण्यांले धनराजनं नाई कळवली. एकच नाई, पुरली.
सारं घर खुशीत. म्या सुनेले म्हणलं, शिकवणारी कोण होती? मग डिंपलले विचारलं, माह्यं वाक्य आलं होतं ना?
पोरगी म्हणे, आलं होतं आजी. घरच्या माणसाची सवय लिहायची होती. तुह्या वाक्यातले दोन्ही नाई काढले अन् ऑलवेज टाकलं. बाकी पेपरात अडखळली, ते एक वाक्य डोळे मिटून लिहिलं. रोजच पाहते ना.
धनराज हसला, सून पदरात हसली. मी तिथंच उत्तर देणार होती. मोठं, चांगलं उत्तर होतं. पण तोंड भरलेलं होतं, आणि अंगण नुकतंच सारवलेलं.