'रा' म्हणजे

७ ऑक्टोबर १९५६, इचोडा

शेजारची नरसम्मा नातवाला मांडीवर घेऊन जुनं गाणं म्हणत होती. तेलुगू, शब्द कळेना — फक्त शेवटचा, ओढून ओढून — रा... रा... माझी भाकर तव्यावर करपली.

तो सिनेमा! मी दहा वर्षांची, बाजाराच्या मैदानात तंबू. मुका सिनेमा. पडद्याशेजारी पेटीवाला बसून हेच गायचा. राणी नावेतून निघालेली, राजा काठावर. ती हात पुढं करायची — रा... रा... म्हणजे राहा. आमच्याकडं रडत्या पोराला 'उगी रा' म्हणतात, तसं. एवढं विनवूनही राजानं नदीत उडी टाकली! मी आईच्या पदरात तोंड खुपसलं. बुडालाच असणार. तेव्हाच मत बनवलं — बाप्यांना सांगून उपयोग नाही.

९ ऑक्टोबर

मत पक्कं होत चाललंय. विठ्ठलरावांनी किनवटची बदली मागून घेतली. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणे. मग वहीतही उखाणा घेऊ?) येत्या एक तारखेपासून आमचा जिल्हा तुटतोय — किनवट मुंबई राज्यात, इचोडा आंध्रात. म्हणतात, आपल्या भाषेच्या राज्यात चाललो तर तोंड काऊन पाडतेस. मी म्हटलं, किनवट होतं तिथंच आहे, राज्यच चालत आलंय. इथंही येईल एखादं, बसून राहू.

१४ ऑक्टोबर

दसरा. जाऊबाई देवकाबाईंनी सोनं दिलं, सोबत उपदेश. "इथं राह्यली तर या वयात तेलुगू शिकावं लागल, माय."

शिकेन की! निजामाच्या राज्यात उर्दूत हजेरी घेतली, मग मराठीत, उद्या तेलुगूत घेईन. पोरी त्याच, दांड्याही त्याच. पण मी गेले तर शाळेत त्यांना मराठी शिकवायला कोण उरतं? यावर देवकाबाई आपट्याचं पान चाळवत बसल्या.

२२ ऑक्टोबर

नमतं घेतलं. एकदाच. जेवताना त्यांना तो सिनेमा सांगितला. म्हटलं, तुमच्याशी भांडल्याशिवाय मला भाकर पचत नाही. तुम्हालाही तेच म्हणते — रा.

हसले. चांगले ठसका लागेपर्यंत हसले! तहसिलीत तेलुगू लोकांत वीस वर्षं काढलीत त्यांनी. म्हणाले, "त्या गाण्यातला 'रा' काय ते नरसम्माला विचार."

२३ ऑक्टोबर

विचारलं.

"'रा' म्हंजे 'ये' नं, पंतुलम्मा." पंतुलम्मा म्हणजे मी, मास्तरीणबाई! सिनेमा तिनंही पाहिलेला, त्याच तंबूत. राजा बुडाला नाही म्हणे. पोहत गेला, राणीनं हात धरून नावेत घेतला. दोघं हसत गेली.

म्हणजे ती त्याला थांबवत नव्हतीच. बोलावत होती. आणि मी इतकी वर्षं एका सुखी माणसासाठी रडले!

बरं. अर्थ बदलला म्हणून मीही बदलावं? एवढा एकच शब्द दोन्ही भाषांत येतो मला. मी माझ्याच अर्थानं वापरणार.

२९ ऑक्टोबर

अबोला. भांड्यांची वाटणी. पाटा मला, वरवंटा त्यांना. जिल्ह्याची केली तशीच — दोघांनाही चटणी नाही.

३१ ऑक्टोबर

सकाळी ट्रक आला. सामान चढलं, विठ्ठलराव चढले. मी दारात. नरसम्मा कुंपणाशी.

ट्रक हलला, थांबला. त्यांनी वरून हात पुढं केला. अगदी त्या राणीसारखा. वीस वर्षांत चारचौघांत कधी केला नव्हता. म्हणाले, "रा."

तेलुगूत म्हणाले. मला नीट कळलं.

मी मराठीत ऐकलं.