लाल खूण नसलेला कागद

सोमवार, ३ मार्च

लेकीने आज हुकूम सोडला — "आई, पेशंट तुला दिवसभर जे विचारतात ते सगळं एका कागदावर उतरव. खाली सोपी उत्तरं लिही. बाहेरच्या भिंतीवर लावू." म्हणजे माझ्या तोंडाला जरा विश्रांती, असा तिचा डाव असावा. बघू!

अडतीस वर्षं मी या टेबलामागे बसते आहे. आधी ह्यांच्या दवाखान्यात, हे निवृत्त झाल्यापासून लेकीच्या. जागा तीच. खुर्ची नवी आणि पाटी नवी — 'समग्र आणि धातूविरहित दंतोपचार'. पाटी लागल्यापासून फोनला उसंत नाही. समग्र म्हणजे सगळे दात एकदमच करणार का? धातू नाही तर मग कॅप कसली, प्लास्टिकची? (मी म्हटलं, सिरॅमिकची. "म्हणजे कपबशीची?" हो बाई, तिचीच लांबची बहीण!) दाढेत आधी भरलेली चांदी असेल तर आत घेता का? यावर मात्र मला हसू आवरेना. "अहो, छत्री बाहेर ठेवा आणि दात घेऊन आत या," असं सांगून टाकलं. लेकीने आतून डोळे वटारले.

गुरुवार, ६ मार्च

कागद झाला. अकरा प्रश्न, अकरा उत्तरं. खरं सांगायचं तर सगळी माझी नाहीत. परवा तो दातांचं सामान विकणारा गुळगुळीत पुस्तिका ठेवून गेला होता, त्यात आयती वाक्यं होती. दोन-तीन उचलली. 'जुन्या चांदीतला पारा आयुष्यभर शरीरात झिरपत राहतो. ती आजच काढून टाका.' — कसं ठसठशीत वाटलं! लेकीला दाखवायला गेले तर तिचे दोन्ही हात कुणाच्या तरी तोंडात. "तू लिहिलंस ना? मग लाव," म्हणाली.

एक प्रत भिंतीवर लावली, एक घरी आणली. ह्यांच्यासाठी. माझं कुठलंही लिखाण ह्यांच्या लाल पेन्सिलीखालून जातं, लग्न झाल्यापासून. दूधवाल्याच्या चिठ्ठीतली वेलांटीसुद्धा ह्यांनी सोडलेली नाही. आधी राग यायचा. आता चिठ्ठीवर लाल दिसलं नाही तर चुकल्यासारखं होतं.

शुक्रवार, ७ मार्च

कागद सकाळी टेबलावर. एकही लाल खूण नाही!

"वाचलात का?"

"वाचला."

"मग?"

"बरोबर आहे."

बरोबर कसं असेल? 'स्वच्छ' मी आयुष्यात कधी बरोबर लिहिलेलं नाही.

शनिवार, ८ मार्च

हे रोज एक वाजता दवाखान्याच्या पायऱ्यांशी येऊन उभे राहतात, मग आम्ही दोघं जेवायला घरी जातो. आज आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणे. काल याच गुडघ्याने तीन मजले चढले होते, तेही दोन-दोन पायऱ्या टाकत.

मंगळवार, ११ मार्च

चार दिवस झाले. धड जेवत नाहीत, सूप पितात आणि उठतात. आतल्या खोलीत दार लावून बसतात. माळ्यावरचे जुन्या पेशंटच्या कार्डांचे खोके खाली काढलेत. "आवरतोय," म्हणाले. या माणसाने आजवर स्वतःचे मोजे आवरलेले नाहीत! दाराला कान लावला (लावला, काय करू). फोनवर बोलत होते. हळू, एकेक शब्द जपून. पेशंटला वाईट बातमी सांगताना त्यांचा आवाज असाच व्हायचा.

कसली तरी तपासणी करून आलेत आणि मला सांगत नाहीयेत, असंच वाटलं. रात्रभर तेच डोक्यात.

बुधवार, १२ मार्च

उलगडा झाला. देवा, मी काय करून बसले आहे!

सकाळी आमचे जुने पोस्टमन आले. अपॉइंटमेंट नाही, काही नाही. टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "वहिनी, डॉक्टरांची तब्येत बरी आहे ना? काल फोन आला होता. माफी मागत होते!"

"कसली माफी?"

"बत्तीस वर्षांपूर्वी माझ्या दोन दाढांत चांदी भरली, त्याची. म्हणाले, मी तुमच्या तोंडात विष ठेवलं, लेकीकडून काढून घ्या. अहो, याच दाढांनी मी जन्मभर अक्रोड फोडले! मीच त्यांना म्हटलं, असू द्या हो, असू द्या."

बोलता बोलता त्यांची नजर भिंतीकडे गेली. माझ्या सुंदर अक्षरातल्या कागदाकडे. मग माझीही.

लेक दोन पेशंटच्या मध्ये बाहेर आली, तिला सांगितलं. तिने कागद पहिल्यांदाच नीट वाचला. सातव्या उत्तरावर थांबली.

"आई, हे मी कधी म्हणाले?"

"पुस्तिकेत होतं."

"विकणाऱ्याच्या पुस्तिकेत."

ओरडली असती तर परवडलं असतं. ती खाली बसली आणि मला पेशंटला समजावतात तसं समजावलं. जुनी चांदी घट्ट असेल, कड फुटली नसेल, तर तिला हात लावायचा नाही. काढायला गेलं की उलट पाऱ्याची जास्त वाफ उठते. मोडली, गळायला लागली, खाली कीड गेली, तरच काढायची, तीही तोंडात रबराचा पडदा लावून, ओढणारी नळी सतत चालू ठेवून. "मी नवीन धातू घालत नाही, एवढंच आहे माझं. बाबांनी घातलं ते चूक होतं, असं मी कुणाला कधीही सांगितलेलं नाही."

मग म्हणाली, "बाबांनी हे वाचलं?"

मी मान हलवली. तिने स्वतःच कागद भिंतीवरून काढला, टेपचे तुकडेसुद्धा नखाने खरवडले. अकरा प्रश्नांचा कागद लिहिताना मला वाटलं होतं, हे वाचून खूश होतील. चार दिवस तो माणूस घरात बसून एकेका माणसाची माफी मागत होता आणि मी बाहेर कपबशीचे विनोद करत होते.

गुरुवार, १३ मार्च

संध्याकाळी लेक घरी आली. काल तिने पोस्टमनना तसंच खुर्चीत बसवून दोन्ही दाढांचे फोटो काढले होते. ते ह्यांच्यापुढे धरले. नवा कागदही आणला होता, सातवं उत्तर तिने स्वतः लिहिलेलं.

ह्यांनी चष्मा लावला. फोटो मोठा करून पाहिला, तिरपा करून पाहिला. "कड अजून धरून आहे," म्हणाले. अर्धा क्षण आमचा जुना डॉक्टर परत आला! लेक म्हणाली, "बाबा, मीसुद्धा इतकी सुबक भरत नाही. तुमचं काम मला तोंड उघडल्याबरोबर ओळखू येतं." मला वाटलं, संपलं. सुटलो.

हे चष्मा काढून म्हणाले, "पेशंटच्या तोंडाचं ठीक आहे." आणि उठून धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागले.

पेशंटच्या तोंडाचं ठीक आहे. मग कशाचं ठीक नाही?

शुक्रवार, १४ मार्च

आज टेबलाशी बसल्या बसल्या लक्षात आलं. फोन वाजत होता, मी उचलला नाही.

सुरुवातीला आमच्याकडे मदतनीस नव्हती. मीच होते. लग्नाला वर्ष झालेलं, दवाखाना एका खोलीचा. तेव्हा चांदी हाताने तयार करावी लागायची. काचेच्या छोट्या खलात पूड घ्यायची, वर पारा सोडायचा आणि घोटायचं. मग मऊ फडक्यात घेऊन पिळायचं, म्हणजे जास्तीचा पारा बाहेर येतो. हातमोजे कुठले? उघड्या हाताने! ते थेंब तळहातावर इकडून तिकडे पळायचे. मला फार आवडायचं. हे खुर्चीपाशी उभे राहून "झालं का गं?" विचारायचे आणि मी मुद्दाम आणखी एक थेंब पळवत बसायचे.

तेव्हा मला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात ती गेली. मुलगी होती. मी तिला पाहिलं नाही, पाहू दिलं नाही कुणी. ह्यांनी पाहिलं. त्यानंतर आम्ही दोघं तिच्याबद्दल एक अक्षर बोललेलो नाही. तीन वर्षांनी ही लेक झाली आणि मग बोलायला वेळ तरी कुठे होता — असं मी स्वतःला सांगत आले.

आणि हे आज आठवलं. मी हॉस्पिटलमधून घरी आले त्याच आठवड्यात ह्यांनी स्कूटर विकली आणि मशीन आणलं. बंद डबीतल्या डबीत चांदी तयार करून देणारं. मी केवढं भांडले होते! स्कूटर मला जीव की प्राण. "चालत जाऊ, तब्येतीला बरं," एवढंच म्हणाले. खल कुठे गेला विचारलं, तर म्हणाले फुटला.

म्हणजे माझ्या कागदाने त्यांना काही नवीन सांगितलंच नाही. अडतीस वर्षं मनात जी शंका दाबून ठेवली होती, तिच्यावर मी माझ्या सुंदर अक्षरात 'होय' लिहून दिलं.

शनिवार, १५ मार्च

शेवटचा पेशंट गेल्यावर लेकीच्या खुर्चीत जाऊन बसले. तिला वाटलं दात दुखतोय, दिवा लावला. मी म्हटलं, "दिवा राहू दे. एक प्रश्न आहे, बारावा. हा कागदावर घालायचा नाही."

सगळं सांगितलं. तिला मोठी बहीण होती एवढं तिला मावशीकडून माहीत होतं. खलाचं माहीत नव्हतं.

तिने हातमोजे काढले. मग म्हणाली, "आई, पाऱ्याची वाफ चांगली नाही, हे खरं. तेव्हा सगळीकडे असंच करत होते, हेही खरं. पण त्यामुळेच झालं असं आज कुणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय. त्यामुळे नाहीच झालं असं म्हणाला, तरीही खोटंच. कुणालाच कळणार नाही आता." आणि माझा उजवा हात घेऊन, तळवा वर करून, तसाच धरून बसली. माझी डॉक्टर लेक. मला रडू आलं, तिलाही. बाहेर कुणीतरी बेल वाजवून कंटाळून निघून गेलं.

रविवार, १६ मार्च

सकाळ. स्वयंपाकघर. हे सफरचंद सोलत होते, साल न तोडता, नेहमीसारखं.

मी म्हटलं, "अहो, खल फुटला नव्हता ना?"

सुरी थांबली. "नाही. मी नदीत टाकला."

ह्यांनी सुरी खाली ठेवली. मग — "मीच दिला होता तुझ्या हातात."

"आणि मी घेतला. मला आवडायचं ते."

"मी डॉक्टर होतो."

"सव्वीस वर्षांचे होता!"

लेक जे बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगितलं नाही. ह्यांनी स्वतः आयुष्यात कुणाला खोटा धीर दिलेला नाही, पेशंटना तर नाहीच नाही. 'कळणार नाही' हे ऐकताना ते मान हलवत होते. त्यांना हे माहीतच होतं. फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं, माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी रागावलेही. खूप रागावले! "शंका आली तर मला का नाही सांगितली? मी काय परकी होते? तिचं दुःख एकट्याने भोगलंत तुम्ही, मला वाटेकरीण केलं नाहीत." ते म्हणाले, "तू मला सोडून गेली असतीस."

वेडा माणूस. अडतीस वर्षं हे पोटात घेऊन रोज एक वाजता पायऱ्यांशी उभा राहिला. मी त्यांचा हात धरला, सफरचंदाचा रस लागलेला, चिकट. सोडला नाही. उरलेलं सफरचंद तसंच काळं पडलं.

सोमवार, १७ मार्च

आज सकाळी ह्यांनी सांगितलं, त्या दिवशी तिला हातात घेतल्यावर त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं. कुणालाच बोलले नव्हते.

मला कानात सांगितलं. मी दोनदा म्हणून पाहिलं. छान आहे.