उरलेली उद्या

९ ऑगस्ट

पोचलो एकदाचे. चार माणसं, भरमसाट बॅगा आणि एक प्रेशर कुकर. कुकर विमानतळावरच्या तपासणीवाल्याने उलटासुलटा करून पाहिला, शिट्टी हुंगून पाहिली आणि यात काहीच भानगड नाही म्हटल्यावर मोठ्या नाइलाजाने परत दिला.

बायकोला इथल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली आहे. मी तिच्यामागून आलेला नवरा. तिकडे शाळेत भूगोल शिकवायचो. इथे कामाचा परवाना मिळेपर्यंत घर आणि पोरं सांभाळायची. भूगोलाच्या मास्तरांनी पहिल्याच संध्याकाळी दूध आणायला जाऊन रस्ता चुकून दाखवला. सगळ्या इमारती सारख्या, सगळी दारं करडी. दोन भलतीच दारं ठोठावून झाल्यावर आपलं सापडलं. बायको हसून हसून बेजार झाली.

घर इस्पितळानेच दिलंय. मुलांच्या खोलीत दुमजली पलंग आहे आणि भिंतीत बसवलेलं एक कपाट. वरचा मजला ताईचा, ती सात वर्षांची. खालचा मिठूचा, तो चार. मिठू हे नाव त्याने स्वतः कमावलंय. विमानात तो बसल्यापासून उतरेपर्यंत बोलत होता. शेजारच्या गृहस्थांनी शेवटी झोपेचं सोंग घेतलं.

झोपताना घरचा नेम मोडला नाही. बाहेर अजून उजेड होता, म्हणून पडदे ओढून अंधार केला. मी दाराशी खुर्ची टाकून गोष्ट सांगायची आणि मुलांनी हुंकार द्यायचा. ‘हं’ आला की गोष्ट पुढे. ‘हं’ थांबला की मंडळी झोपली असं समजून ‘उरलेली उद्या’ म्हणायचं आणि उठायचं. माझे वडील असंच करायचे. आजची गोष्ट ताजी होती. वाट चुकलेला एक मुलगा दारोदार जातो, टकटक करतो आणि विचारतो, हे माझं घर का? कधी हत्ती दार उघडतो, कधी शिंपी, कधी दाढीवाला बोकड. सगळे म्हणतात, नाही रे, हे तुझं घर नाही. माझा परवाना येईपर्यंत ही गोष्ट सहज पुरेल.

२६ ऑगस्ट

शाळा सुरू झाली. ताई रडतरडत गेली आणि हसतहसत आली. मिठू मात्र शाळेत तोंड उघडत नाही. त्याच्या बाईंनी मला थांबवून समजावलं. त्यांची भाषा मला अर्धीच कळते, उरलेलं त्यांनी हातांनी सांगितलं. नव्या भाषेत पडलेली लहान मुलं काही महिने गप्प होतात म्हणे, त्यांच्या मागे लागू नये. मीही इथे तीन शब्द आणि दोन हात यांवरच दिवस काढतोय, तेव्हा पोराला काय बोलणार.

४ सप्टेंबर

आता घरीही गप्प. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट. हा तोच पोरगा, ज्याला आजी फोनवर म्हणायची की बाळा, जरा श्वास घे. बायकोने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. घसा ठणठणीत आहे.

एकच आशा आहे. गोष्टीच्या वेळी तो बोलतो. ताई झोपल्यावरही खालून बारीक ‘हं’ येतो. काल तर ‘मग?’ असंही आलं. मी गोष्ट ओढत नेली, सुतार झाला, जिराफ झाला, घसा बसेपर्यंत सांगत राहिलो. बायको कामावरून आल्यावर तिला सांगितलं तर ती चपला न काढताच खुर्चीत बसून रडली.

११ सप्टेंबर

हे नीट लिहून ठेवतो.

मिठूला ताप होता म्हणून बायकोने त्याला आमच्या खोलीत घेतलं. मी ताईला गोष्ट सांगायला बसलो. ती लवकर झोपली. तरी ‘हं’ येत राहिला, म्हणून मी सांगत राहिलो. शेवटी ‘उरलेली उद्या’ म्हणून उठलो, स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला घेतली. कुकर घासता घासता लक्षात आलं की मिठू त्या खोलीत नव्हताच.

नळ तसाच वाहत राहिला. परत त्या खोलीत जायला मला फार वेळ लागला. ताई एकटी झोपली होती.

१४ सप्टेंबर

ताईला आडून आडून विचारलं. तिने सरळच सांगितलं. कपाटातला पण ऐकतो ना, म्हणाली. त्याला आधी काहीच बोलता येत नव्हतं. मिठू त्याला शब्द देतो. एक दिला की तो मिठूकडे राहत नाही. हे तिने वेणी घालून घेताना सांगितलं, जशी शाळेतली एखादी गोष्ट सांगावी.

कपाट रिकामं केलं. कपडे, बॅगा, मागे फळी, फळीमागे भिंत. ठोकून पाहिली, भरीव आहे. परत सगळं भरलं आणि दार नीट लागलंय ना ते दोनदा ओढून पाहिलं. मी भित्रा माणूस नाही असं आजवर समजत होतो.

१९ सप्टेंबर

गोष्ट बंद केलीय.

आज भर दुपारी आईचा फोन होता. मुलं शाळेत, बायको कामावर. मी आईला आपलं इकडचंतिकडचं सांगत होतो, दूध कसं मिळतं, कपडे कसे वाळतात. जरा श्वास घ्यायला थांबलो.

मुलांच्या खोलीतून आवाज आला, ‘हं’.

आई विचारत होती, मिठू आज घरीच का?

२२ सप्टेंबर

बायकोनेही ऐकलं. मिठूला मांडीवर घेऊन भरवत होती. खोलीतून मिठूच्या आवाजात हाक आली, ‘आई’. तिचा घास हातातच राहिला. मिठूने मान वर केली आणि खोलीकडे बघून हसला.

तसेच अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. तिच्या मैत्रिणीकडे गेलो, ती पण नर्स आहे. तिथे मिठू पडला, कपाळाला खोक पडली. तो रडला, पण आवाज नाही. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा आणि आवाज अजिबात नाही. त्याचा आवाज त्या घरात राहिलाय. तो टाकून कुठे जायचं?

परत आलो.

२७ सप्टेंबर

ताईने आज चमचा मागितला तो बोटाने. शब्द आठवेना तिला. मग पाणी. मग स्वतःचं नाव सांगताना अडली आणि घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

गोष्ट बंद केल्यापासून तो कपाटातला उपाशी आहे. दिवे घालवले की कपाटातून एकच. मग? मग? मग?

मला वाटतं, चूक माझीच. रोज अर्धी सोडली. त्याला शेवट हवाय. त्या मुलाला घर सापडलं की हा जाईल, पोरांचे शब्द पोरांना देऊन जाईल. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्याला घर देणार म्हणतोस, पण कुठलं घर? मी म्हटलं, अगं, गोष्टीतलं.

२९ सप्टेंबर

सांगितली. पडदे ओढले, खुर्ची दाराशी. मुलाने शेवटचं दार ठोठावलं. विचारलं, हे माझं घर का? आतून आईबाबा आले. म्हणाले, हो रे बाळा, हेच तुझं घर. ये आत.

कपाटातून ‘हं’ आला नाही. मग कपाटाचं दार हलल्याचा आवाज — आणि पुन्हा शांत.

आणि मग खालच्या पलंगावरून — मिठू म्हणाला, ‘बाबा, पाणी दे.’

३० सप्टेंबर

मिठू बोलतोय. सकाळपासून तोंडाला खळ नाही. ताईला पण सगळे शब्द परत आले. बायको हसतेय, रडतेय. आज मी गोड केलं, साखर जास्त पडली, सगळ्यांनी खाल्लं.

१ ऑक्टोबर

आजीचा फोन आला. मिठूने विचारलं, ही कोण?

विमानातलं काही आठवत नाही. जुनं घर आठवत नाही. गोष्ट मात्र सगळी पाठ आहे. हत्ती, शिंपी, बोकड. क्रमाने.

कपाळावर खोक नाही. व्रणसुद्धा नाही. इतक्यात कशी भरेल — आणि ताईने नखांना लावलेला लाल रंगही नाही.

ताई त्याच्या जवळ जात नाही.

३ ऑक्टोबर

दुपार. बायको कामावर. ताईला शाळेतून आणलं, ती खोलीत यायला तयार नाही. बाहेर बसलीय.

कपाटातून आवाज येतोय. शब्द नाही. एकही नाही. त्याच्याकडे एकही उरलेला नाही — सगळे देऊन बसलाय पोरगा. नुसती टकटक. छोट्या हाताची.

मी दाराला तोंड लावून विचारलं, मिठू, तू आहेस का? ऐकतोयस?

एक टक. हुंकार दिल्यासारखी.

वही गुडघ्यावर आहे. डावा हात कपाटाच्या मुठीवर. मूठ फिरत नाही — आतून नाही, बाहेरून कुणीतरी धरल्यासारखी —

खालच्या पलंगावर झोपलेला तो उठून बसलाय. पाय हलवतोय. माझ्या मिठूच्या आवाजात सांगतोय की बाबा, नको उघडूस. त्याला सांग ना. नाही रे, हे तुझं घर नाही.

टकटक.

त्याला सांग, बाबा.

मी नाही सांगणार. मी मूठ ओढतोय. थोडं सरकलंय दार. फटीतून बोटं — त्याचीच, नखाला ताईने लावलेला लाल रंग अजून —

तो पलंगावरून उतरला. माझ्या पाठीशी उभा आहे. गार हात खांद्यावर. विचारतोय, मग?

मग मी